टिकी बारमध्ये कॉकटेल चाखून गुण कसे द्यावेत

सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिलवरील फेअरमाँट हॉटेलमध्ये ‘टोंगा रूम’ हा टिकी पद्धतीचा, म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांच्या थाटात सजवलेला, बार आहे. १९२९ साली बांधलेल्या पोहण्याच्या तलावाचे १९४५ साली या बारमध्ये रूपांतर झाले. तलाव तसाच राहिला, त्याच्या कडेने शाकारलेल्या छपरांखाली टेबले आली, वादक तरंगत्या होडीवर बसून वाजवू लागले आणि अधूनमधून गडगडाटासह तलावावर कृत्रिम पाऊस पडू लागला. अशा ठिकाणी पहिला घोट घेण्यापूर्वीच माणूस खूश झालेला असतो, आणि पेयाला गुण देताना नेमकी हीच अडचण होते.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातील अशाच बारमध्ये, कवटीच्या आकाराच्या पेल्यातून धूर सोडत आलेल्या कॉकटेलला मी वीसपैकी अठरा गुण दिले होते. पुढच्या खेपेस तेच पेय साध्या काचेच्या ग्लासात मागवले, तेव्हा ते गोडमिट्ट सरबत निघाले. माझ्या शब्दावर तिथे गेलेल्या मित्राचे पैसे वाया गेले, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी सजावट, संगीत आणि पेला यांचे गुण वेगळ्या पानावर लिहितो आणि ते पेयाच्या गुणांत कधीही मिळवत नाही.

तुलनेसाठी मूळ कृती ठाऊक असलेले पेय निवडावे. टिकी बारमध्ये ते म्हणजे माय ताय. टिकी बार चालवणारे व्हिक्टर बर्जरॉन, म्हणजेच ‘ट्रेडर व्हिक’, यांनी १९४४ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये ते तयार केले. त्यात सतरा वर्षे मुरलेली सुमारे ६० मिलिलिटर जमैकन रम, एका हिरव्या लिंबाचा रस, १५ मिलिलिटर क्युरासाओ हे संत्र्याच्या स्वादाचे गोड मद्य आणि थोडे बदामाचे ओर्जा सरबत व खडीसाखरेचा पाक एवढेच होते. अननसाचा रस पुढे हवाईत त्यात शिरला. समोर आलेला माय ताय लालभडक असेल आणि अननसाखेरीज कशाचाच वास येत नसेल, तर तो वाईटच असेल असे नाही, पण तो वेगळ्या पेयाचा नमुना आहे अशी नोंद करावी.

चाखण्याआधी वास घ्यावा. तोंड किंचित उघडे ठेवून नाक हळूहळू पेल्याजवळ न्यावे, म्हणजे मद्याचा उग्र झोत थेट नाकात जात नाही. माय तायवर खोचलेली पुदिन्याची जुडी केवळ शोभेची नसते. स्ट्रॉ तिच्या शेजारी असते ती अशासाठी की, प्रत्येक घोटाबरोबर नाक पुदिन्यात जावे आणि मागून रमचा काकवीसारखा, थोडा करपट वास यावा. वासाला मी वीसपैकी चार गुण ठेवतो.

समतोलाला आठ. पहिला घोट स्ट्रॉने तळातून घ्यावा आणि दुसरा पेल्याच्या काठाने वरून, कारण नीट न मिसळलेला पाक तळाशी बसतो आणि काही बारटेंडर गडद रम वर तरंगती ठेवतात. घोट जिभेवर क्षणभर फिरवावा. लिंबाने गाल आकसले, पण लगेच बदामाचा मऊपणा आला आणि गिळल्यावर घशाशी रमची ऊब राहिली, तर पेय जमले. आधी साखर आणि मग नुसता जाळ जाणवला, तर निम्म्याहून अधिक गुण द्यायला माझा हात धजत नाही. तोंडातील भरीवपणाला तीन आणि गिळल्यानंतर रेंगाळणाऱ्या चवीला तीन गुण पुरतात.

उरलेले दोन गुण राखून ठेवावेत आणि दहा मिनिटे थांबावे. हलवून केलेल्या कॉकटेलमध्ये वितळलेल्या बर्फाचे पाणी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा असते आणि ते कृतीचाच भाग असते. चुऱ्याचा बर्फ मात्र पुढेही भराभर वितळत राहतो. शिवाय फार गार पदार्थातील गोडी जिभेला कमी कळते, त्यामुळे आरंभी नेटके वाटलेले पेय थंडावा उतरताच पाणचट किंवा चिकट वाटू लागते. या दुसऱ्या चाखणीनंतरच बेरीज करावी.

दोन पेयांच्या मध्ये साधे पाणी प्यावे आणि कोरा पाव किंवा भात खावा, तिखट-तळलेले नंतर मागवावे. एका संध्याकाळी दोनच पेये, तीही शक्यतो जोडीदारासह वाटून घ्यावीत, कारण त्यानंतर जीभ आणि निर्णय दोन्ही सैल होतात. हॉलिवूडच्या ‘डॉन द बीचकोंबर’ या टिकी बारमध्ये झोंबी हे जहाल पेय एका गिऱ्हाइकाला दोनपेक्षा अधिक देत नसत. कॅलिफोर्नियात वय २१ पूर्ण असल्याचे ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि नॉब हिलवर केबल कार, म्हणजे रस्त्याखालच्या तारेने ओढली जाणारी ट्राम, जात असल्याने मोटार घरीच ठेवून जावे.

गुण लिहिताना पाऊस सुरू झालाच, तर पेन खाली ठेवून तो पाहावा आणि थांबल्यावर आणखी एक घोट घेऊन मग आकडा लिहावा.