उंदराला वाचवणारी गोळी मामांना चालेल का? या चुका टाळा

पिंपळगावच्या मामांचं घशाच्या गाठीसाठी नाशकात रेडिएशन सुरू झालं, तेव्हा फायलींच्या पिशवीत द्राक्षबियांच्या अर्काची बाटलीही निघाली. मामा म्हणाले, "अगं, हे किरणांच्या त्रासापासून वाचवतं, उंदरांवर सिद्ध झालंय. शिवाय आपल्याच द्राक्षांतलं!" मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे बाटलीसोबतचा उंदरांवरच्या प्रयोगाचा कागद माझ्याच हातात आला.

असे कागद वाचताना सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची. किरणं पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार आक्रमक कण सुटतात आणि नॅनोसेकंदांत डीएनएला चावून संपतात. म्हणजे त्यांना निकामी करणारा पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट (या अर्काचा दावाही तोच), आधीपासून पेशीत हजर हवा. १९४९ मध्ये हार्वे पॅट या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एक्स-रेच्या आधी सिस्टीन हे अमिनो आम्ल दिलं, तेव्हा ते वाचले. नंतर दिलं तर उपयोग झाला नाही. मामांना हे लगेच पटलं. द्राक्षावर बोर्डोची बुरशीनाशक फवारणी पावसाआधी मारायची असते, डाऊनी ही बुरशी पानावर दिसल्यावर नाही.

दुसरी गफलत मात्र जिवावर बेतू शकते. प्रयोगातला उंदीर बहुतेकदा धडधाकट असतो, त्याला गाठ नसते. मामांना आहे, आणि तीच तर मारायची आहे! अर्काने तीही वाचली तर? रेडिएशनच्या वेळी निरोगी पेशी वाचवण्यासाठी असलेलं अमिफॉस्टिन हे औषध निरोगी पेशींत जास्त शिरतं, कारण ते चालू करणारं अल्कलाईन फॉस्फेटेज हे एन्झाइम तिथे जास्त असतं. बाटलीतल्या अर्काला असा भेदभाव जमतो याचा त्या कागदात पुरावा नव्हता. कॅनडात डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिन किंवा नुसती बनावट गोळी देऊन पाहिलं (२००५). रेडिएशनचा तीव्र त्रास काहीसा कमी झाला, पण गाठ परतण्याकडे कल दिसला.

आकड्यांतही घोळ होतो. उंदराचे १०० मिलिग्रॅम प्रति किलो माणसाच्या वजनाने गुणू नका. आधी साधारण १२ ने भागा. मामांनी सरळ गुणाकार करून रोज चमचाभर पावडर ठरवली होती. आणि ग्रे, म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक, किती, कुठे आणि किती वेळात, हेही बघा. सबंध अंगावर एकदम ८ ग्रे पडले तर प्रयोगशाळेतला उंदीर महिनाभरात मरू शकतो. मामांना ७० ग्रे मिळणार, पण घशापुरते, ३५ वेळा दोन-दोन करून.  

बाटली मी डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवली. त्यांनी ती उपचार संपेपर्यंत बंद करायला सांगितली. मामांनी लगेच विचारलं, "मग द्राक्षं?" द्राक्षांना कुणाची ना नव्हती. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटलं आणि आंबट मण्यानेही डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मामी त्यांना थंड खीर भरवू लागल्या.