आपल्याला हे कसे कळले? ज्ञानाविषयी लिहिताना या चुका टाळा

“गणितातले ज्ञान निश्चित असते, विज्ञानातले बरेचसे निश्चित, इतिहासातले शंकास्पद, आणि कलेत तर ज्ञान असे काही नसतेच.” निरनिराळ्या विषयांतले ज्ञान आपल्याला कसे मिळते याचा विचार करायला सांगितला, की आम्हा विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे लेखन या उतरंडीपाशी येऊन थांबते. उतरंड सोयीची आहे, कारण ती मांडली की पुढे विचार करावा लागत नाही. पण एखादा विषय ज्ञान कसे मिळवतो हे खरोखर पाहायचे असेल, तर त्याचे निष्कर्ष किती ठाम आहेत हे मोजण्यापेक्षा, त्या विषयात चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येते, कशावरून येते आणि लक्षात आल्यावर काय केले जाते, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

विषयांची उतरंड लावणे

या चुकीसाठी पृथ्वीच्या वयाच्या वादाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी १८६२ मध्ये, तप्त पृथ्वीला थंड होत होत आजच्या स्थितीला यायला किती काळ लागला असेल, याचे गणित मांडले आणि उत्तर २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढले. नंतर ही मर्यादा त्यांनी २ ते ४ कोटी वर्षांपर्यंत खाली आणली. दुसऱ्या बाजूला भूवैज्ञानिक होते. गाळाचे थर साचायला आणि डोंगर झिजायला याहून कितीतरी अधिक काळ लागला असला पाहिजे, असे त्यांना दिसत होते; पण त्यांच्या हाती समीकरणे नव्हती, खडकांची बारकाईने केलेली वर्णने आणि ढोबळ अंदाज एवढेच होते. उतरंड मानणाऱ्याने साहजिकच केल्विन यांची बाजू घेतली असती, आणि त्या काळात अनेकांनी ती घेतलीही. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

केल्विन यांची आकडेमोड चुकलेली नव्हती. चुकली होती ती गृहीतके. पृथ्वीच्या पोटातली उष्णता केवळ वहनाने, म्हणजे घन पदार्थातून सरकते तशीच, बाहेर येते, हे एक गृहीतक होते. आत नवी उष्णता निर्माण होत नाही, हे दुसरे. आतल्या भागात उष्णता याहून सहजपणे वाहत असेल तर उत्तर अनेक पटींनी वाढते, हे जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले. दुसरे गृहीतक १८९६ मध्ये किरणोत्सर्ग सापडल्यानंतर टिकले नाही, कारण खडकांतली किरणोत्सर्गी मूलद्रव्ये सतत उष्णता निर्माण करत असतात. याचा अर्थ भूवैज्ञानिक जिंकले आणि भौतिकशास्त्र हरले, असाही लावता येत नाही, कारण क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचे वय पक्के केले ते उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून), म्हणजे भौतिकशास्त्रानेच दिलेल्या पद्धतीने. खडकांच्या थरांनी समीकरणामागचे गृहीतक अडचणीत आणले आणि अणूंच्या अभ्यासाने थरांना वर्षे दिली.

म्हणून तुलना करताना ‘कोणता विषय अधिक विश्वसनीय’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. हातातल्या एका नेमक्या दाव्यामागे कोणती गृहीतके आहेत आणि ती तपासण्याची ताकद कोणाकडे आहे, असे विचारले की लेखन आपोआप पुढे सरकते.

गणितातली सिद्धता आणि प्रयोगातला पुरावा एकच समजणे

एक पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. ० घेतल्यास ४१ येतात, १ घेतल्यास ४३, २ घेतल्यास ४७, ३ घेतल्यास ५३. या सगळ्या मूळ संख्या आहेत. हे असेच ३९ पर्यंत चालते. तिथे १६०१ मिळतात आणि तीही मूळ संख्याच आहे. प्रयोगशाळेत लागोपाठ चाळीस वेळा एकच निकाल आला असता तर नियम सापडला असे कोणीही म्हटले असते. ४० घेतल्यावर मात्र १६८१ येतात, आणि १६८१ हा ४१ चा वर्ग आहे. नियम तिथे संपतो.

चाळीस उदाहरणे कमी पडली, अधिक घेतली असती तर चालले असते, असे म्हणावे तर गणितज्ञ पोल्या यांचे अनुमान, म्हणजे सिद्धता नसलेला त्यांचा अंदाज, पाहावा. १ च्या पुढच्या कोणत्याही संख्येपर्यंतच्या सर्व संख्या घेतल्या, तर त्यांतल्या निदान निम्म्या संख्यांच्या मूळ अवयवांची एकूण संख्या विषम असते, असे अनुमान १९१९ मध्ये मांडले गेले. ते १९५८ मध्ये खोटे ठरले, आणि ते मोडणारी सर्वांत लहान संख्या १९८० मध्ये सापडली: ९०,६१,५०,२५७. त्याच्या अलीकडे प्रत्येक पडताळा अनुमानाच्या बाजूने जातो. गणितज्ञ पडताळ्यांवर समाधान का मानत नाहीत, हे इथे स्पष्ट दिसते.

मात्र यावरून ‘गणितात चूक होतच नाही’ अशी उडी मारू नये. कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारच्या दोन प्रदेशांना एक रंग येत नाही, याची केंपे यांनी १८७९ मध्ये दिलेली सिद्धता अकरा वर्षे बरोबर मानली गेली. त्यातली त्रुटी हीवूड यांनी १८९० मध्ये दाखवली. प्रमेय खरे होते, सिद्धता सदोष होती. पुढे १९७६ मध्ये अपेल आणि हाकेन यांनी जी सिद्धता दिली, तिचा मोठा भाग संगणकाने तपासलेला होता, आणि जी सिद्धता माणसाला ओळीने वाचता येत नाही ती सिद्धता म्हणावी का, यावर गणितज्ञांमध्येच वाद झाला. गणितातली निश्चितता कोणीतरी वाचून, पडताळून मान्य केलेली असते, ही बाब निबंधात आली पाहिजे.

एक विपरीत निरीक्षण दिसले की सिद्धान्त बाद झाला असे मानणे

विज्ञानाबद्दल लिहिताना हे वाक्य फार लवकर येते: एक विरोधी निरीक्षण सापडले तरी सिद्धान्त कोसळतो. तर्काच्या पातळीवर ते ठीक वाटते, पण प्रत्यक्षातले विज्ञान असे चालत नाही, आणि का चालत नाही हे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

युरेनस हा ग्रह १७८१ मध्ये सापडला. पुढच्या दशकांत त्याची कक्षा न्यूटनच्या नियमांनी काढलेल्या गणिताशी जुळेना. खगोलशास्त्रज्ञांनी न्यूटनला निरोप दिला नाही. पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह युरेनसला खेचत असावा असे मानून फ्रान्समध्ये ल व्हेरिए यांनी त्या ग्रहाची जागा गणिताने काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून दिसला. सिद्धान्ताविरुद्धचा पुरावा सिद्धान्ताच्याच यशात बदलला.

आता तीच गोष्ट दुसऱ्यांदा पाहा. बुध ग्रहाचा सूर्याच्या सर्वांत जवळ येण्याचा बिंदू हळूहळू सरकतो, आणि या सरकण्याचा शतकाला सुमारे ४३ विकलांएवढा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) भाग न्यूटनच्या नियमांनी समजावता येत नव्हता. ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये तोच उपाय सुचवला: बुधाच्या कक्षेच्या आत, सूर्याजवळ आणखी काही वस्तुमान असावे. अशा एका ग्रहाला व्हल्कन हे नावही दिले गेले आणि अनेकांनी त्याचा शोध घेतला. तो सापडला नाही, कारण तो नव्हता. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या सापेक्षतेच्या व्यापक सिद्धान्तातून ते ४३ विकला बाहेर आले.

माणूस तोच, पद्धत तीच, अडचणीचे स्वरूपही सारखेच. एकदा नवा ग्रह मिळाला आणि एकदा सिद्धान्तच बदलावा लागला. दोन्हींतले कोणते होणार हे त्या क्षणी कळण्याचा मार्ग नव्हता. ल व्हेरिए यांना दुसऱ्या वेळी हट्टी म्हणणारा विद्यार्थी पहिल्या वेळी त्यांना प्रतिभावान म्हणतो, आणि दोन्ही वेळा तो केवळ निकालावरून बोलत असतो. त्याऐवजी हे विचारावे: बचावासाठी आणलेली कल्पना स्वतंत्रपणे तपासता येण्याजोगी होती का? व्हल्कन होता की नाही हे दुर्बिणीने पाहता येत होते, म्हणून ती कल्पना चुकीची ठरूनही वैज्ञानिकच होती.

इतिहास म्हणजे ज्याचे त्याचे मत असे म्हणणे

रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन याने चौथ्या शतकात साम्राज्याच्या पश्चिम भागावरील सत्ता पोपला दिली, असे सांगणारे एक दानपत्र मध्ययुगीन युरोपात शतकानुशतके पुरावा म्हणून पुढे केले जात होते. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला यांनी ते बनावट असल्याचे दाखवले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याकडे लॅटिनचे सखोल ज्ञान होते. दानपत्रात रोमन अधिकाऱ्यांसाठी ‘सत्रप’ हा मूळचा इराणी प्रांताधिकाऱ्यांसाठीचा शब्द आला आहे, आणि त्या काळातल्या रोमन कागदपत्रांत तो तसा वापरला जात नसे. शिवाय जे कॉन्स्टँटिनोपल अजून वसलेलेच नव्हते, त्याचा उल्लेख धर्मपीठ म्हणून केलेला आहे. म्हणजे लिहिणारा नंतरच्या काळातला होता आणि त्याच्या भाषेनेच त्याला उघडे पाडले.

इतिहासात मतभेद असतात, हे खरे आहे. एखाद्या घटनेची कारणे कोणती आणि त्यांतले महत्त्वाचे कोणते, यावर दोन प्रामाणिक इतिहासकार वेगळे बोलू शकतात. पण हे दानपत्र अस्सल आहे, असे आज कोणी स्वतःचे मत म्हणून मांडू शकत नाही. मतभेदाला जागा कुठपर्यंत आहे आणि पुरावा कुठे दार बंद करतो, ही सीमा दाखवणे हे इतिहासावर लिहिणाऱ्याचे काम आहे. साहित्य आणि कलेलाही हेच लागू पडते: कवितेचे अनेक अर्थ संभवतात, तरी जो अर्थ तिच्या निम्म्या ओळींशी विसंगत आहे तो चुकीचा आहे, असे आपण ओळींवर बोट ठेवून दाखवू शकतो.

आकडा आला की वस्तुनिष्ठता आली असे धरून चालणे

सामाजिक शास्त्रांत ही चूक सर्रास होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार ज्याच्याकडे काम नाही, जो काम शोधत आहे आणि काम मिळाल्यास करायला तयार आहे, तो बेरोजगार. आणि संबंधित आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केले तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. निराश होऊन काम शोधणे सोडलेली माणसे त्यामुळे बेरोजगारांच्या आकड्यातून बाहेर पडतात. परिस्थिती बिघडत असताना दर घटू शकतो, तो असा. आकडा खोटा नसतो, पण मोजणीच्या आधी कोणीतरी व्याख्या ठरवलेली असते. आकडा उद्धृत करताना त्याची व्याख्याही लिहावी. अर्धा परिच्छेद खर्च झाला तरी चालेल.

दुसऱ्याचे ऐकून मिळालेले ज्ञान कमी दर्जाचे मानणे

भारतीय तत्त्वज्ञानातल्या न्यायदर्शनाने प्रत्यक्ष (स्वतः पाहणे-अनुभवणे), अनुमान (तर्क), उपमान (साम्यावरून ओळखणे) आणि शब्द (दुसऱ्याचे सांगणे) अशी चार प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानली, तर चार्वाकांनी केवळ प्रत्यक्ष मानले. विद्यार्थ्याला चार्वाकांची बाजू धाडसी वाटते आणि ‘मी स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही’ हे वाक्य निबंधात शोभूनही दिसते. पण या लेखातल्या एकाही वर्षाची किंवा ग्रहाची मी स्वतः पडताळणी केलेली नाही. मूळ संख्यांचे ते गणित तेवढे कागदावर करता येते. आपले बहुतेक ज्ञान शब्दप्रमाणावरच उभे आहे. न्यायपरंपरेने त्याला अट घातली ती आप्ताची, म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो आहे तसे सांगू इच्छितो अशा व्यक्तीची. जाणकार असणे आणि प्रामाणिक असणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे आपण फार वेळा विसरतो.

आधुनिक विद्याशाखांत या कसोट्या एका व्यक्तीवर सोडलेल्या नसतात. पद्धत, समीक्षण आणि पुनःप्रयोग यांनी त्या पार पाडायच्या असतात. त्या नेहमी पार पडतातच असे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा सुमारे ३६ टक्के अभ्यासांतच संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण निकाल पुन्हा मिळाला. ‘म्हणून मानसशास्त्र हे शास्त्रच नव्हे’ असा निष्कर्ष काढणारे लेखन मी वाचले आहे आणि ते मला अन्यायकारक वाटते, कारण ही तपासणी मानसशास्त्रज्ञांनीच हाती घेतली आणि तिचे निकाल स्वतःच जाहीर केले.

लेखन अडले असेल तर

मसुदा वाचताना उदाहरणे भरपूर आहेत, पण काही म्हटल्यासारखे वाटत नाही, अशी अवस्था झाली तर प्रत्येक उदाहरण तात्पुरते काढून पाहावे. ते काढल्यावर निष्कर्षात काहीच बदलत नसेल तर ते सजावटीसाठी आलेले आहे. याच्या जागी आपल्या म्हणण्याला अडचणीत आणणारे उदाहरण शोधावे: पुराव्याशिवाय पुढे जात नाही असे आपण ज्या विषयाबद्दल लिहिले, त्यात पुरावा असूनही निष्कर्ष नाकारला गेल्याचा प्रसंग, किंवा केवळ मतांचा म्हणून सोडून दिलेल्या विषयात वाद कायमचा मिटल्याचा प्रसंग. अशा उदाहरणामुळे मुख्य विधानात ‘जेव्हा’, ‘जोपर्यंत’, ‘या अटीवर’ असे शब्द घालावे लागतात आणि विधान पहिल्यापेक्षा लांब होते. ते तसेच ठेवावे.