इजिप्तच्या थडग्यांतला सूर्य : चित्रं पाहताना या चुका टाळा

राजांच्या खोऱ्यातून परतलेल्यांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. गडद निळ्या छतावर लांबच लांब पसरलेली पिवळी स्त्री आणि तिच्या अंगातून ओळीने सरकणारे लाल गोळे. रामसेस सहावा या राजाच्या थडग्याचं हे छत. ‘आकाशदेवी नूट’ एवढं सांगून गाइड पुढे जातो. पण खरी गोष्ट त्या गोळ्यांची आहे. नूट संध्याकाळी सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या पोटातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला जन्म देते. म्हणून इजिप्तच्या थडग्यात सूर्य दिसला की देव कोणता हे विचारण्याआधी वेळ कोणती ते विचारावं. बहुतेक घोटाळे तिथेच सुटतात.

एका सूर्याचे चार देव करणं

सकाळचा सूर्य खेप्री, म्हणजे शेणकिडा किंवा शेणकिड्याच्या तोंडाचा माणूस. भर दिवसा ससाण्याच्या डोक्याचा रा. मावळतीला अतुम, मानवी रूपातला म्हातारा. आणि रात्रीच्या होडीत उभा असतो तो मेंढ्याच्या डोक्याचा. चौघे एकच. ‘राची स्तुती’ या ग्रंथात तर त्याची ७५ रूपं आळवली आहेत.

रा आणि ओसायरिस यांना वेगळ्या खात्यात टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. रा आकाशाचा, ओसायरिस मृतांचा, असं पाठ केलं की थडग्यातली निम्मी चित्रं अनाकलनीय होतात.

थुतमोस तिसरा याच्या थडग्यात (इ.स.पू. १५ वं शतक) दफनकक्षाच्या भिंतींवर ‘अम्दुआत’, म्हणजे सूर्याच्या रात्रीच्या प्रवासाचा ग्रंथ, संपूर्ण काढलेलं आहे. रंगीबेरंगी थाट नाही. पपायरसची गुंडाळी भिंतीवर उलगडल्यासारख्या काटकुळ्या रेषांच्या आकृत्या आहेत. रात्रीचे १२ तास, आणि प्रत्येक तासाला पाताळाचा एक टप्पा. सहाव्या तासाला, ऐन मध्यरात्री, सूर्य स्वतःच्याच प्रेतापाशी पोहोचतो आणि ते प्रेत ओसायरिसचंही असतं. चित्रात पाच तोंडांच्या सापाच्या वेटोळ्यात पहुडलेला देह दिसतो. ‘सापाने मारलेला माणूस’ म्हणून लोक पुढे जातात. साप त्याला राखतोय. देहाच्या डोक्यावरचा शेणकिडा नीट पाहा : सकाळ तिथूनच सुरू झाली आहे.

हीच भेट राणी नेफरतारीच्या थडग्यात एकाच आकृतीत उतरली आहे. अंग ममीचं, डोकं मेंढ्याचं, त्यावर लाल बिंब, दोन्ही बाजूंनी सावरणाऱ्या देवी इसिस आणि नेफ्थिस. बाजूचा मजकूर सांगतो की रा ओसायरिसमध्ये विसावतो आणि ओसायरिस रामध्ये. मृत माणसाचंही तसंच. त्याचा ‘बा’, म्हणजे आत्मा, माणसाच्या तोंडाचा पक्षी होऊन दिवसा बाहेर फिरतो आणि रात्री ममीकडे परततो.

प्रत्येक सापाला खलनायक ठरवणं

होडीतल्या देवाभोवती कमान करून असलेला साप म्हणजे मेहेन, तो संरक्षक. ज्याला सुऱ्या खुपसल्या आहेत किंवा बांधून घातलंय तो अपोफिस, सूर्याचा शत्रू. आणि अम्दुआतच्या बाराव्या तासात एक प्रचंड साप दिसेल, ज्याच्या आतून अख्खी होडी दोराने ओढली जातेय. इथे दिशा महत्त्वाची. होडी शेपटीतून शिरते आणि तोंडातून बाहेर पडते. म्हातारे आत जातात, तरणे होऊन येतात. साप गिळतोय असं समजलात तर चित्राचा अर्थ बरोबर उलटा होईल.

उलटं दिसलं की फोटो फिरवणं

सेती पहिला याची शवपेटी आज लंडनच्या सोन संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या ‘द्वारांच्या ग्रंथा’च्या (हाही सूर्याच्या रात्रीच्या प्रवासाचाच) शेवटच्या दृश्यात नून, म्हणजे आदिजल, होडी वर उचलतो. वरून नूट सूर्य झेलते, पण ती डोकं खाली करून आहे, आणि ती उभी आहे ओसायरिसच्या डोक्यावर, ज्याचं शरीर गोल वळलेलं आहे. फोटो फिरवू नका. सूर्य एका जगातून दुसऱ्यात जातो तिथे वरखाली उलटंच असतं.

आपल्याकडचा पुनर्जन्म तिथे लावणं

मराठी वाचकाची ही सहज होणारी गफलत, आणि तीत प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचीही साथ आहे. इजिप्शियन लोकांच्या मते आत्मा प्राण्यांच्या देहांतून फिरत ३००० वर्षांनी परत माणसात येतो, असं त्याने लिहून ठेवलं. इजिप्तच्या स्वतःच्या ग्रंथांत असा फेरा सापडत नाही. मृताला हवं होतं सूर्यासारखं रोज ताजं होणं, तेही स्वतःच्याच देहाशी नातं ठेवून. ममीची एवढी उस्तवार त्यासाठीच.

काही किरकोळ गोष्टी. ममीच्या छातीवरचा मोठा शेणकिडा नवजन्माचं चिन्ह असला, तरी त्यावर कोरलेला मंत्र हृदयाला विनवतो की न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. बिंबाखाली आडवी चंद्रकोर असेल तर तो सूर्य नव्हे, बहुधा चंद्रदेव खोन्सू. आणि किरणांच्या टोकांना हात असलेलं सूर्यबिंब म्हणजे आतेन, अखेनातेन राजाचा एकमेव देव. तिथे रात्रीची होडी शोधू नका, त्या धर्मात ती नाही.

शेवटी वाचनाची दिशा. चित्रलिपीतले पक्षी-प्राणी ज्या बाजूला पाहतात तिकडून वाचायला सुरुवात करायची, हा नियम सगळीकडे सांगतात. अम्दुआतचा मजकूर पुष्कळदा याच्या उलट लिहिलेला असतो, तेव्हा तिथे हा नियम लावून तासांचा क्रम ठरवू नका.