दहावीतल्या मुलांच्या आठवड्याची आखणी कशी करावी

आखणी करताना पालक बहुधा शाळा आणि क्लासपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती झोपेपासून करावी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते आणि या वयात झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागत असल्यामुळे, ‘लवकर झोप’ असे नुसते दटावून उपयोग होत नाही. शाळा सकाळी सातची असेल, तर दहाच्या आत अंथरुणावर पडायला हवे. म्हणजे क्लासही साडेआठपूर्वी सुटणारा निवडावा.

दर रविवारी मुलांसोबत बसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर घटक चाचणी, तबल्याची परीक्षा, ढोल-ताशा पथकाचा सराव हे सारे पेन्सिलने मांडावे. गणपतीच्या आधी सराव आणि चाचणी बऱ्याचदा एकाच आठवड्यात येतात. तेव्हा काय सोडायचे ते मुलांनाच ठरवू द्यावे, आणि ‘यंदा जमणार नाही’ हे सरांना सांगताना त्यांना संकोच वाटत असेल, तर आपण सोबत जावे. एक दुपार मात्र कोरीच ठेवावी. त्या वेळी मूल गच्चीवर नुसते पडून राहिले, तरी ‘रिकामा का बसलास’ असे विचारू नये.

मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावेत, आपलाही.