लेव्हल किंवा टोटल स्टेशन आपटलं तर पुढचं रीडिंग घेण्याआधी

लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) किंवा टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) उचललं की आधी फील्डबुकात वेळ आणि शेवटच्या पक्क्या रीडिंगचा पॉइंट लिहा, आणि काम तिथेच थांबवा. चालू होतंय, बबल मध्यावर येतोय, एवढ्यावर विसंबू नका. आत सरकलेली क्रॉसहेअर (दुर्बिणीतल्या नेम धरायच्या रेषा) बाहेरून कळत नाही.

सुरुवात ट्रायपॉडपासून करा. पायांचे क्लॅम्प, वरचे बोल्ट, फूट स्क्रू यांपैकी काही ढिलं असेल तर पुढची तपासणी फुकट जाते. मग लेन्स. मुंबईच्या पावसाळ्यात एसी केबिनमधून बाहेर काढल्यावर काचेवर बाष्प धरतंच, थोड्या वेळात जातं. ते आतल्या बाजूने धरून राहिलं तर सील गेलंय, थेट सर्व्हिसला पाठवा.

ऑटो लेव्हलचा कॉम्पेन्सेटर (नजरेची रेषा आपोआप आडवी ठेवणारा आतला भाग) आधी बघा. स्टाफवर (आकडे असलेल्या उभ्या पट्टीवर) रीडिंग घेऊन ट्रायपॉडच्या पायाला हलकी टिचकी मारा. चित्र डोलून त्याच आकड्यावर स्थिरावलं पाहिजे. शेजारी पायलिंग रिग (पायाचे खांब जमिनीत घालणारं यंत्र) चालू असेल तर कंपनामुळे ही तपासणी तिथे नकोच. आकडा दरवेळी वेगळा येत असेल तर कॉम्पेन्सेटर अडकलाय किंवा तुटलाय, आणि साईटवर त्याला इलाज नाही.

तो ठीक असेल तर टू-पेग टेस्ट, म्हणजे दोन खुंटांवर लेव्हलची चूक शोधायची चाचणी, आणि ही कधीही टाळायची नाही. एकमेकांपासून 60 मीटरवर अ आणि ब असे दोन पक्के खुंट घ्या. एवढी सरळ जागा साईटवर नसेल तर पोडियम किंवा पार्किंगची लांब लेन चालते. ऊन चढून स्टाफवरचे आकडे थरथरायच्या आत, सकाळीच उरका. लेव्हल बरोबर मध्ये लावून अ वर 1.425, ब वर 1.310 मीटर आलं, म्हणजे खरा फरक 0.115. दोन्हीकडे अंतर सारखं, म्हणून लेव्हलची चूक इथे कटते. आता लेव्हल अ जवळ न्या. अ वर 1.502 आलं तर ब वर 1.387 यायला हवं. 1.393 दिसलं तर नजरेची रेषा 6 मिलिमीटर वर गेलीय, म्हणजे 10 मीटरला 1 मिलिमीटर. स्लॅबच्या लेव्हलसाठी हे चालणार नाही. टेस्ट परत करा. तोच आकडा आला तरच क्रॉसहेअरच्या स्क्रूला हात लावा.

टोटल स्टेशनला लांबचा ठळक पॉइंट फेस लेफ्ट आणि फेस राइटने, म्हणजे दुर्बीण उलटवून दोन्ही बाजूंनी, बघा. आडव्या कोनांत बरोबर 180 अंशांचा फरक, उभ्या कोनांची बेरीज 360 अंश. किती सेकंदांचा (कोनाचे सेकंद, अंशाचा 3600वा भाग) फरक चालेल ते मशीनच्या मॅन्युअलवरून ठरवा. 20 सेकंदांची चूक 50 मीटरवर जवळपास 5 मिलिमीटर होते. लेझर प्लमेट (खालच्या पॉइंटवर ठिपका टाकणारा लेझर) चालू ठेवून मशीन पूर्ण फिरवा, ठिपका जागचा हलता कामा नये. अंतरासाठी एका रेषेत अ, ब, क असे तीन पॉइंट, प्रिझम (किरण परत पाठवणारा आरसा) तोच: अब आणि बक यांची बेरीज अक शी जुळली पाहिजे. सोबत पडलेल्या प्रिझम पोलचा बबलही विसरू नका.

सगळं जुळलं तरी आधीचे दोन बेंचमार्क (उंची माहीत असलेले पक्के पॉइंट) पुन्हा घ्या, आणि पडण्याची नेमकी वेळ माहीत नसेल तर त्या दिवसाचं काम शेवटच्या पक्क्या पॉइंटपासून परत करा.