स्नायपरचा पिक्चर बघायचा का? लोकांना असं विचारा

जळगाव-भुसावळला शो सुटला की बाहेर दोनच मतं ऐकू येतात, "एक नंबर" नाहीतर "पकाऊ", तेवढ्यावर तिकीट काढू नका. नेमकं विचारा. आधी हे, की पिक्चरमध्ये माणूस आधी पडतो का आवाज आधी येतो? रायफलची गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटरने निघते, आवाज जातो ३४० च्या आसपास, म्हणजे लांबचा माणूस पहिले पडणार आणि धडाम नंतर ऐकू येणार. हे ज्याच्या लक्षात आलं त्याचं मत धरा. मग विचारा जोडीला स्पॉटर, म्हणजे दुर्बिणीतून बघून नेम सांगणारा साथीदार, आहे का, वारा बघतात का, का हिरो एकटाच पळत पळत नेम धरतो. आपल्या वरणगावला काडतुसांची फॅक्टरी आहे, तिथलं कोणी ओळखीचं असेल किंवा गावात रिटायर फौजी काका असतील तर त्यांना नक्की विचारा, ते चूक पटकन पकडतात. "स्लो आहे" म्हणणाऱ्याला विचारा कुठे स्लो, कारण तासन्‌तास पडून वाट बघणं हेच खरं स्नायपरचं काम, ते नीट दाखवलं असेल तर मला तरी फार आवडतं. आणि कोणी शेवट सांगायला लागलं की तिथेच थांबवा.