साइट-रीडिंगमधलं अडखळणं असं सुटलं

माझी एक व्हायोलिनची विद्यार्थिनी, वय अकरा. तयार केलेले तुकडे झकास वाजवायची, पण साइट-रीडिंग, म्हणजे न पाहिलेलं नोटेशन थेट वाजवायची वेळ आली की चुकली, थांबली, मागे गेली, पुन्हा चुकली. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षेत एकूण 150 गुणांपैकी 21 साइट-रीडिंगला असतात, आणि तयारीला फक्त अर्धं मिनिट. ते ती पहिल्या ओळीतच घालवायची.

खरं तर दोष माझाच. चूक झाली की मीच तिला थांबवत होते.

मग एक जुनी लग्नपत्रिका घेतली. ती जो बार (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तालाचा खण) वाजवायला घेईल, तोच मी पत्रिकेने झाकायचे. नजर झक मारत पुढे. पहिल्या दिवशी रडकुंडीला आली. आठवड्याभरात पत्रिकेच्या पुढे पळू लागली. तुकडे मुद्दाम दोन ग्रेड सोपे, आणि तोच तुकडा दुसऱ्यांदा कधीच नाही.

अर्ध्या मिनिटाचाही क्रम लावला. शार्प-फ्लॅट (सूर अर्ध्याने चढवायच्या-उतरवायच्या खुणा) किती, ताल कोणता, मग सुरांच्या गर्दीने सगळ्यात काळाकुट्ट दिसणारा बार. वाजवून बघायचा तो तेवढाच, आणि वेगही त्यावरूनच ठरवायचा.

तरी थांबायची सवय जाईना. ती घालवली तिच्या तबला शिकणाऱ्या भावाने. शेजारी बसून टाळी देत म्हणायचा, "ताई, सूर गेला तर जाऊ दे, सम सोडू नकोस." इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं!

परीक्षेत एक एफ शार्प हुकलाच म्हणे. पण ती थांबली नाही. 21 पैकी 18 आले.